यकृतरक्षक अर्काची चाचणी: झाड उपटण्यापासून काचपट्टी वाचण्यापर्यंत

सातारा-कराडात काय किंवा सांगली-मिरजेत काय, एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला एक विषय हमखास निघतो. एखाद्या वनस्पतीचा अर्क, कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलने बिघडवलेलं उंदराचं यकृत आणि सिलिमारिन या प्रमाण यकृतरक्षक औषधाशी तुलना. प्रबंध वाचायला हातात येतो तेव्हा तक्ते नीटनेटके असतात, आकड्यांवर ताऱ्यांच्या खुणा असतात. पण तोंडी परीक्षेत एक प्रश्न विचारला की बहुतेकांची गाडी अडते: यकृत वाचलं ते अर्कामुळे, की त्या गटाला विषच कमी गेलं म्हणून? अर्काने पेशी सांभाळल्या, की विष तयारच होऊ दिलं नाही?

हे प्रश्न शेवटच्या महिन्यात सुटत नाहीत. झाड उपटताना, वाळवताना, सिरिंज भरताना त्यांचं उत्तर ठरून गेलेलं असतं. म्हणून तयारी आणि क्रम यांवर इथे जास्त लिहिलं आहे. हा लेख प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. काविळीवर घरी अर्क काढून पिण्यासाठी यातलं काहीही वापरू नका.

## टप्पा १: मंजुरी आणि ऋतू

प्राण्यांवरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी आचार समितीच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही. त्यासाठी फॉर्म बी भरावा लागतो. आपण अजूनही सवयीने 'सीपीसीएसईए' म्हणतो, पण त्या केंद्रीय समितीचं नाव आता 'सीसीएसईए' आहे. अर्जात आणि प्रबंधात चालू नाव लिहा. मंजुरीची तारीख पहिल्या मात्रेच्या आधीची असायला हवी. तारखांची उलटापालट परीक्षकाच्या लगेच लक्षात येते, आणि मग बाकीचं काम कितीही चांगलं असो, तिथेच अडकतं.

पुढचा प्रश्न ऋतूचा. भुईआवळा आणि माका पावसाळ्यात जोमात असतात. समितीची बैठक डिसेंबरात आणि वनस्पती हवी ऑगस्टमधली, असं झालं की मुलं बाजारातून सुकं पोतं उचलतात आणि ओळखीचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. वनस्पती गोळा करणं, तिची ओळख पटवणं, वाळवणं आणि अर्क काढणं ही कामं प्राण्यांच्या मंजुरीसाठी थांबत नाहीत. ती जुलै ते ऑक्टोबरमध्ये उरका आणि अर्ज त्याच काळात समितीपुढे जाऊ द्या.

सावध: कास पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान इथून एक फांदीही परवानगीशिवाय आणायची नाही. या चाचणीसाठी लागणाऱ्या बहुतेक वनस्पती रस्त्याकडेला, पडीक रानात मिळतात. जंगलात शिरायची गरजच नसते.

## टप्पा २: योग्य झाड, योग्य जागा

भुईआवळ्याचंच उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे या एका नावाखाली फायलॅन्थसच्या तीन-चार जाती खपतात. साहित्यात ज्या फायलॅन्थिनचा उल्लेख वारंवार येतो ते फायलॅन्थस अमॅरसचं घटकद्रव्य. शेजारीच उगवणारी फायलॅन्थस युरिनेरिया वरवर तशीच दिसते. भिंग घ्या आणि फांदीच्या खालच्या बाजूची फळं बघा. अमॅरसचं फळ गुळगुळीत आणि बारीक देठाला लोंबणारं असतं. युरिनेरियाचं फळ खरखरीत, पुटकुळ्यांचं आणि फांदीला जवळजवळ चिकटलेलं. फुलाच्या पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या दलांची संख्याही मोजा: अमॅरसला पाच, युरिनेरियाला सहा. प्रबंधात 'फायलॅन्थस निरुरी' असं लिहिण्याची घाई करू नका. खरी निरुरी मूळची अमेरिकेकडची आहे आणि आपल्या बांधावरचं झाड बहुतेक वेळा अमॅरस निघतं.

पुनर्नवेचंही असंच. घेटुळीच्या जागी ट्रायन्थेमा 'पांढरी पुनर्नवा' म्हणून येते. मूळ सुकलं की दोन्हींतला फरक नवख्याला कळत नाही.

फुलाफळांसकट पूर्ण झाड दाबून हर्बेरियम पत्रक करा. त्याची ओळख महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून, शिवाजी विद्यापीठातून किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडून पटवून घ्या. पत्रकाला क्रमांक मिळाला की तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ओळख पटेपर्यंत अर्क काढायला बसू नका.

जागेबद्दल आपल्या भागाला एक वेगळी अडचण आहे. कृष्णाकाठचा ऊस, तासगावकडची द्राक्षबाग, कोरेगावकडचं सोयाबीन, सगळीकडे फवारणी आहे. उसाच्या बांधावर भुईआवळा छान माजतो, पण त्याच बांधावर तणनाशक उडालेलं असतं. द्राक्षबागेच्या कडेच्या गवतावर बुरशीनाशकाचे थर असतात. यातली काही रसायनं स्वतःच यकृतावर ताण देतात. अशा पाल्याचा अर्क काढला तर एकाच बाटलीत औषध आणि विष दोन्ही येतं. शेतमालकाला विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली. सांगता येत नसेल तर ती जागा सोडा. माण-खटावकडचं पडीक माळरान किंवा महाविद्यालयाची स्वतःची औषधी बाग केव्हाही बरी.

हळद घेत असाल तर सांगलीत मालाला तोटा नाही, पण पॉलिश केलेलं चकचकीत हळकुंड घेऊ नका. पॉलिश करताना रंग चढवला जाऊ शकतो, आणि लेड क्रोमेटची भेसळ हळदीत सापडते हे जगजाहीर आहे. शेतकऱ्याकडून शिजवून वाळवलेलं, पॉलिशला जाण्याआधीचं हळकुंड मागा. माल हरिपूरच्या पेवांतला असेल तर किती महिने साठवला होता हे विचारून नोंद करा.

तपासा: गोळा केल्याची तारीख, गाव, झाडाचा भाग, झाडाची अवस्था (फुलोरा, फळं की नुसती पानं) आणि ओलं वजन. या पाच नोंदी त्याच दिवशी वहीत हव्यात.

## टप्पा ३: वाळवणे

सावलीत, पातळ पसरून, खालून हवा लागेल अशा जाळीवर. उन्हात वाळवलं तर रंग जातो आणि काही घटकही जातात. ओव्हन वापरायचा तर तापमान ४०-४५ अंशांच्या वर नेऊ नका.

साताऱ्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सावलीतला पाला आठ-आठ दिवस ओलसर राहतो आणि मधल्या थरात पांढुरकी बुरशी धरते. पुष्कळ जण ती झटकून पुढे जातात. असं अजिबात करू नका. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताचंच विष आहे. ते उष्णतेने सहज जात नाही आणि अर्कात उतरू शकतं. यकृत वाचवणारा अर्क काढायला बसलात आणि यकृत मारणारं द्रव्य त्यात मिसळलं, तर पुढचा एकही आकडा विश्वासाचा राहत नाही. बुरशीचा वास आला तरी तो सगळा लॉट टाका. पावसाळ्यात पंखा लावून किंवा कमी तापमानाच्या ट्रे ड्रायरमध्ये वाळवणं शहाणपणाचं.

काडी वाकवली की कट्‍कन मोडली पाहिजे. मग भरड दळून ४० नंबरच्या चाळणीतून काढा. मिक्सर सलग चालवू नका, भांडं तापतं. भुकटी हवाबंद डब्यात ठेवा. वाळवल्यावरचा ओलावा, एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख काढा. ही शेवटची राख जास्त आली तर मुळांबरोबर माती आली आहे असं समजा.

## टप्पा ४: अर्क काढणे

कोणता द्रावक घ्यायचा हे आधीच्या पेपरमध्ये काय होतं यावरून ठरवू नका. तुम्हाला कुठला घटक हवा आहे यावरून ठरवा. फिनॉलिक आणि फ्लेव्होनॉइडसाठी ७० टक्के इथेनॉल बहुतेक वेळा पुरतं आणि प्राण्याला पाजताना ते मिथेनॉलपेक्षा सुरक्षित पडतं. बियांचं किंवा तेलकट भागाचं काम असेल तर आधी पेट्रोलियम ईथरने चरबी काढा, मग भुकटी पूर्ण सुकवा आणि नंतर इथेनॉल. भुकटीत ईथर राहिला तर पुढचा द्रावक आत नीट शिरत नाही.

उष्णतेने बिघडणारे घटक असतील तर सॉक्सलेटऐवजी (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणारं उपकरण) थंड भिजवण पसंत करा. बंद भांड्यात, अधूनमधून हलवत, तीन ते सात दिवस.

सावध: पाण्यातला अर्क भिजवताना जंतू वाढू नयेत म्हणून क्लोरोफॉर्म वॉटर वापरण्याची पद्धत आहे. क्लोरोफॉर्म हे यकृताला इजा करणारं रसायन आहे हे विसरू नका. या चाचणीसाठी ते वापरूच नका. पाण्याचा अर्क हवा असेल तर काढा करा, त्याच दिवशी गाळा आणि लगेच सुकवा.

गाळलेला अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर ४०-४५ अंशांना, निर्वातात आटवा. वॉटर बाथवर उघड्या वाटीत उकळत ठेवलेला काळाकुट्ट गोळा हा अर्क नव्हे, तो जळका पाक आहे. उरलेला द्रावक घालवण्यासाठी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबा. इथे घाई करणाऱ्यांच्या अर्कात द्रावक राहतो, मग 'फक्त अर्क' दिलेल्या गटाच्या रक्तात यकृताचे एन्झाइम वाढतात आणि दोष वनस्पतीवर येतो. मिथेनॉलची औषधांतली मान्य मर्यादा ३००० पीपीएम आहे, क्लोरोफॉर्मची अवघी ६० पीपीएम.

उतारा काढा: सुक्या अर्काचं वजन भागिले सुक्या भुकटीचं वजन, गुणिले १००. हा आकडा शेवटच्या टप्प्यात पुन्हा लागणार आहे.

तपासा: सगळ्या प्रयोगाला पुरेल इतका अर्क एकाच लॉटमधून निघाला का? अर्धे प्राणी पहिल्या लॉटवर, अर्धे दुसऱ्या लॉटवर, असं होऊ देऊ नका.

## टप्पा ५: अर्काची ओळख

हे थोडक्यात. एकूण फिनॉल फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने गॅलिक ॲसिडच्या तुलनेत काढा, फ्लेव्होनॉइड ॲल्युमिनियम क्लोराइड पद्धतीने क्वेर्सेटिनच्या तुलनेत. त्यावर एक एचपीटीएलसी पट्टी (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी) हवीच, शक्यतो ओळखीच्या मार्करसह: अमॅरसला फायलॅन्थिन, माक्याला वेडेलोलॅक्टोन, कुटकीला पिक्रोसाइड, हळदीला कर्क्युमिन. टेस्टट्यूबमध्ये रंग आला, 'अल्कलॉइड +, टॅनिन ++' असं लिहिलं आणि काम संपलं, असं होत नाही. तुमचा अर्क पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला पुन्हा तयार करता यावा, एवढी ओळख कागदावर राहिली पाहिजे.

## टप्पा ६: सुरक्षित मात्रा

तीव्र विषारीपणाच्या चाचणीची ओईसीडी मार्गदर्शिका ४२३ किंवा ४२५ पाळा. ४२३ मध्ये एका पायरीला तीन प्राणी, शक्यतो माद्या, आणि ठरलेल्या मात्रा: ५, ५०, ३०० आणि २००० मिलीग्रॅम प्रतिकिलो. पहिला अर्धा तास आणि पहिले चार तास बारकाईने बघा, पुढे १४ दिवस रोज.

२००० ला एकही प्राणी दगावला नाही तर 'एलडी-५० (निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा) = २०००' असं लिहू नका. 'एलडी-५० ही २००० पेक्षा जास्त' इतकंच म्हणता येतं. त्यावरून २०० आणि ४०० मिलीग्रॅम या मात्रा घ्यायची प्रथा आहे. चालेल, पण दोनऐवजी तीन मात्रा घेतल्या तर मात्रा वाढते तसा परिणाम वाढतो का हे दिसतं, आणि अर्काच्या बाजूचा तो फार मोलाचा पुरावा असतो.

## टप्पा ७: गट पाडणे

साधारण आराखडा असा:

१. निरोगी गट: औषधाचं माध्यम (औषध ज्यात कालवतात तो द्रव) आणि विषाचं माध्यम, दोन्ही
२. विष गट: औषधाचं माध्यम आणि विष
३. सिलिमारिन १०० मिलीग्रॅम प्रतिकिलो आणि विष
४. अर्क, कमी मात्रा आणि विष
५. अर्क, जास्त मात्रा आणि विष
६. फक्त अर्क, जास्त मात्रा, विष नाही

सहावा गट वाचवायचा म्हणून गाळला जातो. पण अर्क स्वतः यकृताला धक्का देतो का, हे दाखवणारा तोच एक गट आहे. पहिल्या गटाला नुसतं पाणी पाजून सोडून देणं हीसुद्धा नेहमीची चूक. बाकीच्यांना विष ऑलिव्ह तेलात मिसळून टोचतात, तर यालाही नुसत्या तेलाचं इंजेक्शन मिळायला हवं.

माध्यम म्हणून ०.५ टक्के सीएमसीचं (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पाणी घ्या. अर्क विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरायचा मोह होतो. तो आवरा. पॅरासिटामॉलचं विषारी रूपांतर डीएमएसओ स्वतःच अडवतो, त्यामुळे नुसत्या माध्यमानेही यकृत वाचल्यासारखं दिसतं. अर्क खलात थोड्या सीएमसीबरोबर आधी चांगला घोटा, मग पातळ करा, आणि पाजताना प्रत्येक वेळी बाटली हलवा. तळाशी बसलेला अर्क शेवटच्या दोन प्राण्यांच्या वाट्याला जातो.

मात्रेचं गणित एकदा हाताने करा. ४०० मिलीग्रॅम प्रतिकिलो मात्रा, १० मिलिलिटर प्रतिकिलो आकारमान, म्हणजे द्रावण ४० मिलीग्रॅम प्रतिमिलिलिटर. १८० ग्रॅमच्या उंदराला १.८ मिलिलिटर, म्हणजे ७२ मिलीग्रॅम. वजन त्या दिवशीचं घ्या, आठवड्यापूर्वीचं नको.

सिलिमारिन शक्यतो शुद्ध भुकटी आणि प्रमाणपत्रासह घ्या. गोळ्या कुटून वापरल्या तर गोळीचं पूर्ण वजन आणि त्यातलं सिलिमारिन वेगवेगळं धरून हिशेब करा, नाहीतर प्रमाण औषधाची मात्रा निम्म्याहून खाली जाते आणि तुमचा अर्क 'सिलिमारिनपेक्षा सरस' ठरतो.

प्राणी पिंजऱ्यातून हाताला येतील तसे गटांत टाकू नका. आधी हाताला येतात ते सुस्त असतात. वजनाने रांग लावून संगणकावर यादृच्छिक वाटणी करा. एक आठवडा त्यांना जागेला रुळू द्या.

## टप्पा ८: विष देणे

सगळ्यांत जास्त प्रबंध या टप्प्यावर बिघडतात, म्हणून इथे सावकाश चला.

कार्बन टेट्राक्लोराइड यकृतात सीवायपी २ई१ या एन्झाइममुळे ट्रायक्लोरोमिथाइल मूलकात (अतिशय क्रियाशील कणात) बदलतं. ते मूलक पेशीच्या आवरणातली चरबी कुरतडतं, आणि मध्यशिरेभोवतीच्या पेशी पहिल्यांदा मरतात, कारण ते एन्झाइम तिथे जास्त असतं. पॅरासिटामॉलपासून त्याच एन्झाइमच्या मदतीने एनएपीक्यूआय हे विषारी द्रव्य तयार होतं, ते पेशीचं संरक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं आणि मग पेशीच्या प्रथिनांना चिकटतं. थोडक्यात, दोन्ही विषं यकृतानेच घडवलेली असतात. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा.

पहिला सापळा मिश्रणाचा. 'कार्बन टेट्राक्लोराइड, ऑलिव्ह तेलात १:१, १ मिलि प्रतिकिलो' असं वाक्य पेपरांत सर्रास सापडतं. एक मिलि कशाचं? शुद्ध रसायनाचं की मिश्रणाचं? २०० ग्रॅमच्या उंदराला १ मिलि प्रतिकिलो शुद्ध रसायन द्यायचं तर ०.२ मिलि रसायन, म्हणजे ०.४ मिलि मिश्रण. कुणी ०.२ मिलि मिश्रण टोचलं तर विष निम्मंच गेलं. दोन जोडीदारांनी वेगवेगळे गट टोचले आणि दोघांनी वाक्याचा वेगळा अर्थ लावला, तर एका गटाचं यकृत 'वाचतं'. वहीत असं लिहा: शुद्ध रसायन इतकं, मिश्रण इतकं, २०० ग्रॅमला सिरिंजमध्ये इतकं. दोघांनी सही करा.

दुसरा सापळा बाष्पीभवनाचा. हे रसायन उडून जातं. सकाळी केलेलं मिश्रण उघड्या बीकरमध्ये दुपारपर्यंत ठेवलं तर शेवटच्या गटाला तेल जास्त आणि विष कमी मिळतं. ताजं मिश्रण करा, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, काचेची सिरिंज वापरा, काम फ्यूम हूडखाली हातमोजे घालून करा.

यावर उत्तम उपाय म्हणजे टोचण्याचा क्रम. पहिला गट पूर्ण, मग दुसरा पूर्ण, असं करू नका. प्रत्येक गटातला एक-एक प्राणी घेऊन एक फेरी पूर्ण करा, मग दुसरी फेरी. मिश्रण बदललं, हात थकला, दुपार झाली, तरी त्याचा फटका सगळ्या गटांना सारखा बसतो. रक्त काढताना आणि रक्त तपासतानाही हाच क्रम ठेवा.

पॅरासिटामॉल घेत असाल तर मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, तोंडाने २ ग्रॅम प्रतिकिलोच्या आसपास लागतं, कारण ते या विषाला दाद देत नाहीत. छोटे उंदीर ३०० मिलीग्रॅमलाच आजारी पडतात. एका जातीची मात्रा दुसऱ्या जातीला लावू नका. रात्रभर उपाशी ठेवायचं तर सगळ्यांना, तितकेच तास. खाल्लेल्या प्राण्याचं ग्लुटाथायोन जास्त असतं आणि तो आपोआप तगतो.

आता अर्क कधी द्यायचा? नेहमीची रीत अशी: सात दिवस रोज अर्क, सातव्या दिवशी विष, २४ तासांनी रक्त. ही रीत वाईट नाही, पण तिच्यात दोन पळवाटा आहेत. अर्क आणि पॅरासिटामॉल दोन्ही तोंडाने आणि लागोपाठ दिले, तर चिकट अर्क पोटातच विषाचं शोषण कमी करू शकतो. आणि अर्काने सीवायपी २ई१ दाबलं, तर विष तयारच होत नाही. दोन्ही वेळा एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खाली येतं. दोन्ही वेळा त्याला यकृताचं रक्षण म्हणणं चूक ठरतं.

म्हणून एक जादा गट ठेवा, ज्याला विष आधी आणि अर्क काही तासांनी मिळतो. तिथेही फायदा दिसला तर तुमचं म्हणणं भक्कम होतं. गट वाढवता येत नसेल तर निदान निरोगी प्राण्यांत, अर्कासह आणि अर्काविना, पेंटोबार्बिटोनने लागणाऱ्या झोपेचा वेळ मोजा. अर्काने झोप लांबली तर औषधांचं रूपांतर करणारी यकृताची एन्झाइमं दबली असल्याचा संशय घ्या आणि तो प्रबंधात लिहा. हा जादा प्रयोग पहिल्याच अर्जात मंजूर करून घ्या.

तपासा: विष गटातला प्राणी दगावला तर नोंद तशीच ठेवा आणि संख्या सांगा. सर्वांत जास्त इजा झालेला प्राणी तक्त्यातून गळला की विष गटाची सरासरी खाली येते आणि सगळं चित्र फिरतं. प्राण्याला कुठल्या अवस्थेत वेदनेतून सोडवायचं, हे समितीच्या अर्जात आधीच लिहिलेलं असावं, आणि ती अवस्था आली की वेळ न दवडता तसं करावं. आपल्या तक्त्यासाठी त्याला तडफडत ठेवायचा हक्क आपल्याला नाही.

## टप्पा ९: रक्त

भूल आयसोफ्लुरेनची घ्या. जुन्या वह्यांत ईथर असतो, तो सोडा. रक्त साध्या नळीत अर्धा तास गोठू द्या, मग ३००० आरपीएमला १० ते १५ मिनिटं फिरवा. नळी जोरात हलवू नका. सीरम गुलाबी दिसलं तर लाल पेशी फुटल्या आहेत. त्यांच्यात एएसटी (एएलटीसारखंच मोजलं जाणारं एन्झाइम) भरपूर असतं आणि आकडा खोटा वाढतो. असा नमुना 'रक्तपेशी फुटल्या' अशी खूण करून बाजूला ठेवा.

एएलटी त्याच दिवशी तपासा. उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये त्याची सक्रियता घटते. थांबायचंच असेल तर उणे ८० हवं. बिलिरुबिन उजेडात कमी होतं, नळीला फॉइल गुंडाळा.

यानंतरची चूक कुणाच्या ध्यानीमनी नसते. सेमी ऑटो ॲनालायझरवर एएलटी आणि एएसटी मोजताना ३४० नॅनोमीटरला एनएडीएच (चाचणीच्या मिश्रणात असलेलं द्रव्य) किती वेगाने घटतं ते बघतात. विष गटाच्या सीरममध्ये एन्झाइम इतकं असतं की वाचन सुरू होण्याआधीच सगळं एनएडीएच संपतं. मग रेषा सपाट येते आणि यंत्र ४० किंवा ६० असा निरोगी आकडा छापतं. पोट उघडल्यावर यकृत फिकट पिवळं, ठिपक्याठिपक्यांचं दिसलं आणि कागदावर एएलटी ५५ आलं, तर कागदावर विश्वास ठेवू नका. सीरम सलाइनने दहापट पातळ करा, पुन्हा चालवा, उत्तर दहाने गुणा. विष गटाचे नमुने सुरुवातीपासूनच पातळ करून चालवणं सर्वांत सोयीचं.

अल्ब्युमिन आणि एकूण प्रथिनं मोजा, पण २४ तासांत त्यांत मोठा फरक येईल अशी आशा धरू नका.

## टप्पा १०: यकृत

बर्फगार सलाइनने धुवा, टिपून घ्या, वजन करा, शरीराच्या वजनाशी गुणोत्तर काढा. इजा यकृताच्या सगळ्या पाळींत (खंडांत) सारखी असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक प्राण्याची तीच पाळी घ्या. एक तुकडा, पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. अख्खी पाळी बाटलीत कोंबली तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला कुजतो. पॅथॉलॉजिस्टला तो मग विषाने मेल्यासारखा दिसू शकतो.

उरलेलं यकृत बारीक वाटून १० टक्के होमोजिनेट, फॉस्फेट बफर पीएच ७.४, सगळं बर्फावर. एमडीए (चरबीच्या ऑक्सिडीकरणाची खूण) ५३२ नॅनोमीटरला, ग्लुटाथायोन एलमनच्या पद्धतीने ४१२ ला, जोडीला कॅटालेज आणि एसओडी ही ऑक्सिडीकरण रोखणारी एन्झाइमं. होमोजिनेट टेबलावर पडून राहिलं तर चरबीचं ऑक्सिडीकरण चालूच राहतं आणि एमडीए वाढत जातं.

काचपट्ट्यांवर गटाचं नाव लिहू नका, फक्त सांकेतिक क्रमांक. वाचणाऱ्याला गट माहीत नसावा. एकेक छायाचित्र छापून 'सुधारणा दिसते' असं लिहिणं पुरेसं नाही. मृत पेशी, सूज, चरबीचे थेंब यांना ० ते ४ गुण द्या, सगळ्या प्राण्यांचे. नेहमीच्या पॅराफिन पट्टीत चरबी धुऊन जाते आणि मागे रिकामी पोकळी उरते. ती चरबीच होती असं ठामपणे म्हणायचं तर गोठवलेल्या तुकड्यावर ऑइल रेड ओ हे चरबी रंगवणारं रंजन करावं लागतं.

## टप्पा ११: आकडेमोड

सगळ्या गटांच्या सरासरींची तुलना करणारी वन-वे ॲनोव्हा आणि त्यानंतर दोन-दोन गटांच्या तुलनेसाठी टुकी किंवा डनेट चाचणी. तुलना विष गटाशी करा. विष गटातल्या आकड्यांचा पसारा मोठा आणि निरोगी गटाचा अगदी छोटा असतो, त्यामुळे आकड्यांचं लॉग घेऊन चाचणी करणं बहुधा योग्य ठरतं. पट्ट्यांच्या गुणांना ॲनोव्हा लावू नका, तिथे क्रस्कल-वॉलिस.

संरक्षणाची टक्केवारी: विष गट वजा अर्क गट, भागिले विष गट वजा निरोगी गट, गुणिले १००. समजा एएलटी निरोगी ४५, विष ४८५, अर्क २१०. म्हणजे २७५ भागिले ४४०, म्हणजे ६२.५ टक्के. छेदात नुसता विष गटाचा आकडा टाकला तर ५६.७ येतं. दोन प्रबंधांची तुलना करायची तर सूत्र सारखं हवं.

## टप्पा १२: निष्कर्ष लिहिताना

'हा अर्क काविळीवर गुणकारी आहे' हे वाक्य या प्रयोगातून निघत नाही. विषाणूची कावीळ, पित्तनलिकेतला खडा आणि एका रसायनाने २४ तासांत झालेली इजा, हे वेगवेगळे प्रकार आहेत.

मात्रेचा हिशेबही करून बघा. रॅटची मात्रा माणसासाठी बदलताना ६ ने गुणून ३७ ने भागतात. ४०० मिलीग्रॅम प्रतिकिलो म्हणजे माणसाला सुमारे ६५, आणि ६० किलोच्या माणसाला जवळपास ३.९ ग्रॅम सुका अर्क. टप्पा ४ मधला तुमचा उतारा १० टक्के असेल, तर ही रोजची ३९ ग्रॅम सुकी भुकटी झाली. हा आकडा चर्चेत लिहा. तुमची मात्रा व्यवहारात बसते की नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि 'वनस्पतीचं आहे म्हणून सुरक्षित' हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. त्यावर वादही झाला, वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्नही निघाला. तुमच्या सहाव्या गटाचे सगळे आकडे, चांगले असोत की वाईट, मुख्य तक्त्यातच छापा, परिशिष्टात ढकलू नका. गावाकडे कुणी प्रबंधाचं नाव ऐकून काविळीसाठी तुमच्याकडे अर्क मागायला आलं, तर बाटली देऊ नका. आधी एलएफटी (यकृताची रक्तचाचणी) आणि सोनोग्राफी करायला सांगा आणि डॉक्टरकडे पाठवा.